मागचं डावं दार

कूलरचं गवत बदललं की आमच्या घरात परीक्षेचा मोसम सुरू होतो. नव्या गवताला पहिले दोन दिवस ओल्या गोठ्यासारखा वास येतो, मग तो जातो आणि नुसती घरघर उरते. वरच्या मजल्यावर घरमालकीण पद्मक्का लोणच्यासाठी मिरची कुटून घेतात. तिचा ठसका जिना उतरून आमच्या दोन खोल्यांत येतो आणि आम्ही तिघंही एकामागून एक शिंकतो. गल्लीच्या तोंडाशी ताडगोळे येतात, इथे त्यांना मुंजलू म्हणतात. दुपारी काचीगुड्याच्या रेल्वेच्या शिट्ट्या अगदी खिडकीशी वाजल्यासारख्या वाटतात. उन्हाने अंतरंसुद्धा आकसतात की काय कोण जाणे.

हा मोसम मला आवडायचा. आता मुंजलू विकणारी दिसली की मी मान फिरवते. का, ते घरात कुणाला माहीत नाही.

परवा प्रज्ञाची एंट्रन्स आहे. प्रज्ञा माझी मुलगी. तिच्या क्लासच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी हे लिहिते आहे. पुढून तिची सूत्रं, मागून माझं हे. ती घरात मराठी बोलते, पण वाचायला लागली की एकेका अक्षराला ठेचकाळते, म्हणून वही उघडी राहिली तरी मला भीती नाही. मी चौथीपर्यंत शिकले. गावात शाळा तेवढीच होती. गुरुजींनी प्रश्न विचारला की उत्तर मला येत असे, पण तोंडातून बाहेर पडत नसे. गुरुजी म्हणायचे, "सुमन, उत्तर पोटात ठेवून काय उबवतेस?" सगळा वर्ग हसायचा. मला अजून तो हशा ऐकू येतो. बोलायची वेळ आली की आधी तो येतो.

खाली गाडी उभी आहे. कधीकाळी पांढरी असलेली, आता सायीसारखी पिवळट. तिच्यावर आधीच्या गाडीचं कव्हर आहे. ते हिला सैल होतं. वारा आला की फुगतं आणि आत आहे त्यापेक्षा मोठी गाडी असल्यासारखं दिसतं.

आधीची डिझेलची होती. करडी, मागून आखूड, पुढून रागीट चेहऱ्याची. यांनी ती नऊ वर्षं चालवली. हे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्टोअरकीपर आहेत. दिवसभर काचेच्या नळ्या नि बाटल्या सांभाळायच्या, काही फुटू द्यायचं नाही, असं काम. ती गाडी हातात आली की मात्र याच माणसाचे हात बदलायचे. सुरू करताना ती टकटक करायची, गरम व्हायला वेळ घ्यायची. पण शहर मागे पडलं की एका क्षणी कुणी पाठीत हात घालून ढकलल्यासारखी सुटायची. "बघ, बघ, आत्ता ओढ लागली हिला," हे म्हणायचे. माझी पाठ सीटला चिकटायची. प्रज्ञाला प्रवासात मळमळतं म्हणून ती पुढे बसायची, मी मागे डाव्या बाजूला. काचा वर, एसी सुरू. बाहेर कापसाची शेतं, म्हशी, डोक्यावर घागर घेतलेल्या बाया, सगळं आवाजाशिवाय मागे जायचं. आपण कुठे चाललो आहोत यापेक्षा आपण कशात तरी घातले गेलो आहोत असं मला वाटायचं. थंडगार, स्वच्छ, बंद.

एकदा मी "हळू" म्हणाले. एवढंच. यांना इतकं हसू आलं की गावी पोचल्यावर ओसरीवर सगळ्यांना सांगितलं, "आज आमच्या बाई बोलल्या! आणि बोलल्या काय, तर हळू!" नणंदा पदरात तोंड घालून हसल्या. दीर म्हणाला, "वहिनी, भिंतीवर तारीख लिहून ठेवू का?" मीही हसले. त्यानंतर गाडीत मी काही बोलले नाही.

राग आला असं नाही. ती गाडी यांच्यासाठी काय होती ते मला ठाऊक होतं. आमचं गाव देगलूरकडे, वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. ज्या रस्त्याने माझे सासरे वरच्या आळीतून जाताना पायातलं हातात घ्यायचे, त्याच रस्त्याने हे गाडी नेत. ओट्यावर बसलेल्यांसमोर काच खाली करून म्हणत, "जय भीम, काका." कुणी हात वर करायचं, कुणी तंबाखू चोळत दुसरीकडे बघायचं. यांचं काही बिघडत नसे. तोवर गाडी पुढे निघून गेलेली असायची.

ती गाडी प्रज्ञाच्या क्लासला गेली. नारायणगुड्याला एक क्लास आहे, तिथली फी आमच्यासारख्यांच्या बेताबाहेरची. एका संध्याकाळी हे बसने घरी आले. बूट काढायला वाकले तेव्हा मी पाहिलं, पट्ट्याला किल्ली नव्हती.

"गाडी?" मी विचारलं.

"दिली. आता त्यात काय? पोरीचं वर्ष महत्त्वाचं. फी भागून एखादी जुनी छोटी येईल की आपल्याला."

प्रज्ञा आतल्या खोलीत वाचत होती. तिच्या पानांचा आवाज थांबला. तिला सगळं ऐकू गेलं होतं. जेवायला बसल्यावर तिने एवढंच म्हटलं, "पप्पा, मी मागितलं नव्हतं." हे म्हणाले, "मागायला कशाला पाहिजे?" तेव्हापासून पुस्तक उघडताना ती जरा जोरात उघडते.

ती जुनी छोटी गाडी परीक्षेच्या तोंडावर बरकतपुऱ्यात मिळाली. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर होते. त्यांची पिढ्यान् पिढ्या इथलीच वस्ती, तरी मराठी अशी की मला पुस्तकातली वाटावी. सीटना विणलेल्या जाळीची कव्हरं, पुढे एक छोटा गणपती, आणि आत खोबरेल नि उदबत्तीचा मुरलेला वास. मास्तरांच्या पत्नीने यांना विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" यांनी एकदा सांगितलं होतं. आता पुन्हा सांगितलं, तितकंच स्वच्छ, गावासकट. थोडा वेळ नुसता पंखा फिरला. मग आजी म्हणाल्या, "चहा घ्याल ना?" "घेऊ की," हे म्हणाले. चहा चांगल्या कपांत आला. मी बशीकडे बघून प्यायले.

मास्तर गाडीला हात लावून लावून सांगत होते. "पेट्रोल पिते बरं का ही, पण बेताने. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना घाई करू नका, रुसते." हे सगळ्याला मान हलवत होते. नऊ वर्षं ती दुसरी गाडी पळवलेला माणूस, त्याला हे लहान मुलाला सांगितल्यासारखं वाटत असणार.

निघताना मास्तर म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. मागचं डावं दार आतून उघडत नाही."

"केव्हापासून?"

"झाली पंधराएक वर्षं. तिथे ही बसायची. मी उतरून उघडत असे, त्यामुळे कधी अडलंच नाही."

पडद्याशी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "मला तरी कुठे घाई असायची उतरायची!" सगळे हसले. त्याही हसल्या. सगळ्यांत आधी त्यांचंच हसू थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी माझ्या चपलांकडे.

गाडी गल्लीत आली तेव्हा पद्मक्का गच्चीवरून ओरडल्या, "एमम्मा, कारु चिन्नदैपोयिंदि!" म्हणजे कार लहान झाली की गं! यांनी मान वर करून उत्तर दिलं, "हौ अक्का, धोए तो सिकुड गई!" अख्खी गल्ली हसली. हे हसतच जिना चढले, वर आले, आणि बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिले. नंतरचे पंधरा दिवस गाडी कव्हराखालीच होती. कामाला हे बसने जायचे.

कव्हर निघालं ते परीक्षेच्या सकाळी. गेल्या वर्षी याच दिवसांत.

परीक्षेचं कॉलेज शहराबाहेर, रिंग रोडच्या पलीकडे. गेट ठरल्या वेळेला बंद होतं, एक मिनिट उशीर झाला तरी कुणाला आत घेत नाहीत. ते महिनाभर आधीपासून घरोघरी बोललं जात असतं. मी चारला उठले होते. दहीभात कालवला, बाटल्या भरल्या. प्रज्ञा पुढे बसली, कानांत ते गाण्यांचं यंत्र घालून डोळे मिटून. मी मागे डावीकडे. माझ्या बाजूची काच चार बोटं उतरायची, त्याखाली नाही. काटा टाकीच्या तळाला होता. हे म्हणाले, "भरून घेऊ, मग काळजी नाही."

पंपावर रांग होती. आमचा नंबर आला. पंपावरच्या माणसाने टपावर थाप मारली, "कित्ते का डालूँ साब?"

"डिझेल. फुल करो."

"फुल?"

"हौ मियाँ, फुल. जल्दी करो, बच्ची का इम्तिहान है."

मला ऐकू आलं. मास्तरांचं बोलणं आठवलं, त्यांचा टपावरचा हातसुद्धा आठवला. त्या माणसाने नळी उचलली. शब्द माझ्या जिभेवर होता. एकच शब्द, पेट्रोल. तो शोधावा लागणार नव्हता, मराठीत तोच, उर्दूत तोच, तेलुगूतही तोच. माझं तोंड उघडलं.

आणि मग ओसरी दिसली. नणंदा पदरात तोंड घालून, दीर भिंतीकडे हात करून. वाटलं, यांना माहीत नसेल का? गाडीतलं मला काय कळतं? कदाचित या गाडीला दोन्ही चालत असेल. चौथी शिकलेल्या बाईने भर पंपावर यांना थांबवायचं, आणि आपलंच चुकलेलं निघायचं. एवढा विचार करायला किती वेळ लागतो? नळी लागली, नळी निघाली, झाकण फिरलं. मी तोंड मिटलं.

पाइपात उरलेल्या जुन्या पेट्रोलवर गाडी फ्लायओव्हर चढली आणि उतरली. मग खोकली. तिने दोन-तीन हिसके दिले, मागून पांढरा धूर सोडला आणि रस्त्याच्या कडेला थांबली. हे उतरले, पुढचं झाकण उघडलं, मग मागे येऊन टाकीचं झाकण काढून वास घेतला. तिथेच उभे राहिले.

"डिझेल," हे म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. "मी डिझेल म्हणालो."

प्रज्ञाने कानांतलं काढलं. "पप्पा, वेळ होतेय."

मग दोघं धावले. रस्त्यात हात दाखवत, एक रिक्षा गेली, दुसरी गेली, तिसरी थांबली. हे अर्धे आत शिरून मागे वळून ओरडले, "तू गाडीजवळ थांब!"

मी गाडीजवळ नव्हते, गाडीत होते. उजवीकडून बस आणि लॉऱ्या इतक्या लगटून जात होत्या की ते दार उघडणं शक्य नव्हतं. माझ्या बाजूची आतली कडी मी चार-पाच वेळा ओढली. ती सैल दातासारखी हलायची. पुढच्या दोन सीटांच्या मधून सरकता आलं असतं, पण समोर चहाची टपरी होती, तिथे माणसं उभी होती आणि ती गाडीकडे बघत होती. लुगडं सावरत, गुडघे वर घेत त्यांच्यासमोर पुढे जायचं? नाही गेले. ऊन काचेवर आलं. जाळीच्या कव्हरांतला खोबरेलाचा वास गरम होऊन वर आला. दहीभाताचा डबा मांडीवर होता, तोही तापला.

तेवढ्यात ती आली, मुंजलू विकणारी. डोक्यावरची टोपली उतरवून तिने काचेच्या फटीतून आत पाहिलं. "मुंजलू कावाला अम्मा?" हवेत का, एवढंच. तिचा हात बाहेरच्या कडीपासून वीतभर होता. दार उघड म्हणायला तेलुगूत दोन शब्द लागतात. या शहरात एवढी वर्षं राहून ते मला येतात. मी मान हलवली, नको म्हणून. ती जरा वेळ थांबली. माझ्या तोंडावरचा घाम तिला दिसत होता. मग टोपली उचलून पुढे गेली.

तिचं ते जाणं मला रोज दिसतं. पंपावर मी का बोलले नाही, याला मी कारण देऊ शकते. इथे कारण नव्हतं. कुणी हसणार नव्हतं, कुणाचा मान जाणार नव्हता. तरी मी मान हलवली.

हे परत आले ते चालत, प्रज्ञा दहा पावलं मागे. यांनी माझं दार उघडलं. "गेट बंद झालं," म्हणाले. "चार मिनिटं." गेटवरचा पोलीस म्हणे हात जोडून एवढंच म्हणत होता, टाइम अयिपोयिंदम्मा, वेळ संपली. प्रज्ञा रडली नव्हती. तिने बाटली घेतली, पाणी प्यायली आणि यांना म्हणाली, "नऊ वर्षं तुम्ही तिथे एकच शब्द बोललात. आज दुसरा बोलायला काय झालं होतं?"

मी डबा घट्ट धरला. तो प्रश्न दोघांनाही लागत होता आणि ती एकाकडेच बघत होती.

त्या दिवसापासून प्रज्ञा बापाशी बोलत नाही. म्हणजे बोलते, माझ्यामार्फत. हे समोर बसलेले असतात, हातभर अंतरावर, आणि ती म्हणते, "मम्मी, पप्पांना सांग, बसचा पास संपला." हे म्हणतात, "तिला सांग, उद्या काढतो." मी इकडे बघते, तिकडे बघते. घरातली सगळ्यांत मुकी बाई दोघांची निरोप्या झाली आहे. ऐकणाऱ्याला हसू येईल. पद्मक्कांना येतंच.

गावाकडून फोन आला की हे स्वतः उचलतात आणि स्वतःच सांगतात, "माझ्या तोंडून गेलं." कुणी विचारलं नसलं तरी. टाकीच्या झाकणाच्या आत यांनी पांढऱ्या रंगाने पेट्रोल लिहिलं आहे, तिन्ही लिप्यांत. गाडी चाळिशीच्या वर नेत नाहीत. पंप आला की खाली उतरतात, त्या माणसाशेजारी उभे राहतात आणि नळी टाकीत जाईपर्यंत तिच्यावरची नजर काढत नाहीत. देगलूरला मात्र ही गाडी अजून नेलेली नाही. "एवढ्या लांब जायची नाही ही," म्हणतात. गाडी जाईल. यांनाच त्या ओट्यांसमोरून हळू जायचं नाही. त्यामुळे मीही वर्षभर गावाला गेलेले नाही. दाराचं गॅरेजवाल्याला विचारलं होतं, तो म्हणाला ही कडी आता मिळत नाही. मी पुन्हा विचारा म्हटलं नाही. जो उतरेल तो मला उघडून देतो.

सुलतान बाजारातून मी साड्यांचं गाठोडं आणते, फॉल लावून परत देते. सुई चालत असताना मन मोकळं असतं, आणि ते फिरून फिरून पंपावर जातं. सांगायला पहिल्याच दिवशी हवं होतं. तेव्हा वाटलं, पोरीचा राग ओसरू दे. मग वाटलं, आता ओसरत आलाय तर कशाला उकरायचा. तो ओसरला नाही, मुरला. दिवस गेला की गोष्ट लहान होते असं मला वाटायचं. ही मोठी होत गेली. आता ती एवढी झाली आहे की तोंडातून निघायची नाही.

वैशाखी पौर्णिमेला विहारात पांढऱ्या साड्यांच्या रांगेत बसले होते. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं की मी अडखळते. न बोलणं हे खोटं बोलण्यात मोडतं का, हे भंतेजींना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, अर्थात. खीर घेऊन घरी आले.

परवा परीक्षा. तीच गाडी, तीच जागा. मी मागे डावीकडे.

*

इथवर लिहून वही ठेवली होती. आज चार दिवसांनी काढते आहे.

सकाळपासून बापलेक भांडताहेत, कूलरमध्ये पाणी कुणी ओतायचं यावरून. थेट, एकमेकांच्या तोंडावर. "पप्पा, कालही मीच ओतलं होतं!" "आणि परवा? परवा काय तुझ्या आजोबांनी ओतलं?" मी भाकरी थापत ऐकते आहे. मला कुणी निरोप सांगत नाही.

माझ्याशी मात्र प्रज्ञा बोलत नाही. मघाशी म्हणाली, "पप्पा, मम्मीला सांगा, मला भूक नाही." यांनी माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, "ऐकलं मी." ती आत निघून गेली. किती दिवस चालेल माहीत नाही. वर्षभर चाललं तरी मला बोलायला जागा नाही.

त्या दिवशी यांनी आदल्या संध्याकाळीच पेट्रोल भरून ठेवलं होतं. आम्ही दीड तास आधी पोचलो. कॉलेजच्या भिंतीलगत एका कडुनिंबाखाली गाडी लावली. प्रज्ञा उतरली. "मम्मी, पप्पांना सांग, साडेबाराला गेटवर." हे म्हणाले, "तिला सांग, मी इथून हलतच नाही." ती गेली. मला हात केला, यांना नाही. गेटच्या गर्दीत तिची वेणी दिसेनाशी होईपर्यंत हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते, जणू गाडी चालू आहे.

नऊ वाजले. गेट बंद झालं. एक मुलगी नि तिची आई धावत आल्या, पोलिसाने हात जोडले. यांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "अजून वाटतं, त्या दिवशी कुणी तरी माझ्या तोंडावर हात ठेवायला हवा होता."

मी यांच्या मानेकडे बघत होते. कॉलरजवळ केस पांढरे झाले आहेत, ते मागे बसणाऱ्यालाच दिसतात. त्या मानेला मी म्हणाले, "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"डिझेल म्हणालात ते. मला तेव्हाच कळलं होतं. बोलायला मी तोंड उघडलं होतं."

यांनी मागे वळून पाहिलं नाही. आरसा जरा हलवला.

"दिसलं होतं मला आरशात," हे म्हणाले. "तुझं तोंड उघडलेलं. मला वाटलं, जांभई. चारला उठली होतीस ना."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर सोसला असता. वीस वर्षांच्या संसारात त्या एका 'हळू'नंतर मी एकदा काही सांगायला तोंड उघडलं, ते यांनी पाहिलं, आणि बायको दमली असेल असं यांना वाटलं. दुसरं काही वाटावं असं मी तरी कधी काय केलं होतं?

मग हे म्हणाले, "पोरीला सांगू नकोस. माझ्यावरचा राग माझ्यावर राहू दे. मला आता सवय झाली आहे. दोघांवर कशाला?" उतरून आले, माझं दार उघडलं, उसाचा रस पाजला. मी पुन्हा आत बसले. यांनी दार लावलं, हळूच, निजलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं. यांच्या मनात चांगलंच होतं. पण दार लागल्याचा आवाज मला फार मोठा वाटला. मला मास्तरांच्या घरातल्या आजी आठवल्या. पंधरा वर्षं त्यांनाही कुणी तरी प्रेमानेच दार उघडून देत होतं.

साडेबाराला गेट उघडलं. पोरं लोंढ्याने बाहेर आली. प्रज्ञा आली, ओठ सुकलेले, पण चेहरा मोकळा. पाण्याची बाटली माझ्याजवळ होती, म्हणून ती आधी माझ्याकडेच आली. बाहेरून कडी ओढली, दार उघडलं, आत वाकली. "मम्मी, पाणी."

मी बाटली पुढे केली आणि बाटलीसकट तिचं मनगट धरलं.

"आधी ऐक," मी म्हणाले. "गेल्या वर्षी पंपावर पप्पा चुकले, ते मला तिथेच कळलं होतं. मी बोलले नाही."

आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. शेजारच्या गाडीतली बाई वळून बघायला लागली. पुढून हे हलक्या आवाजात म्हणाले, "सुमन."

मी मनगट सोडलं नाही. पुढचा आरसा हलला, त्यात यांचे डोळे आले. या वेळी यांना जांभई वाटली नसावी.